पुण्यातली पहिली नोकरी : रुजू होण्यापासून राजीनाम्यापर्यंत

पहिले दोन महिने मला ऑफिसात खुर्ची नव्हती. भोसरी एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी, प्लॅनिंग खात्यात माझ्यासकट सात माणसं आणि खुर्च्या सहा. जो रजेवर असेल त्याच्या जागेवर मी बसायचे; सगळे हजर असले की स्टोअरमधल्या लोखंडी स्टुलावर. २००८ साल होतं. मी बार्शीहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आले होते. खुर्चीबद्दल कोणी काही बोलत नव्हतं म्हणून मीही बोलत नव्हते. मनात यायचं, आपली परीक्षा बघत असतील. तिसऱ्या महिन्यात ॲडमिनच्या माणसाला एकदाचं विचारलं तर तो म्हणाला, "अगं, मग सांगायचं ना!" संध्याकाळपर्यंत खुर्ची आली. परीक्षा कसली, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

यंदा माझा भाचा हिंजवडीत नोकरीला लागला. त्याचं काम कॉम्प्युटरवरचं, माझं लोखंडातलं, पण मावशीला येणारे त्याचे फोन ऐकले की मला तेच स्टूल आठवतं. त्याला तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे, कामं ज्या क्रमानं अंगावर येतात त्या क्रमानं.

१. ऑफर लेटर : सही करण्याआधी आकडा फोडून बघा

'तीन लाख साठ हजारांचं पॅकेज' ऐकलं की घरी सगळे बाराने भागतात आणि महिना ३० हजार धरून मोकळे होतात. बँकेत तेवढे कधीच येत नाहीत. हा आकडा सीटीसीचा असतो, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग तुमच्या हाताला लागतच नाही.

हिशोब करून दाखवते. महिन्याचा सीटीसी ३०,००० आणि मूळ पगार म्हणजे बेसिक १५,००० धरा. पीएफला बेसिकच्या १२ टक्के कंपनी भरते, ते १,८०० या तीस हजारांतच धरलेले असतात. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२१, तीही त्यातच. उरले २७,४७९. आता तुमच्या बाजूची कपात : तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात येतात २५,४७९. त्यातच पॅकेजचे दहा टक्के 'व्हेरिएबल' असतील तर आणखी ३,००० दरमहा येणार नाहीत. वर्षाअखेरी कंपनीच्या मर्जीनं आणि तुमच्या रेटिंगप्रमाणे येतील, कदाचित कमीही येतील. घराचं भाडं ठरवायचं ते हे सगळं वजा जाऊन दरमहा खरंच हातात येणाऱ्या आकड्यावर.

प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात वर्षाला २,५०० : अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले म्हणून एचआरला मेल करू नका, मी केला होता. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. एकूण पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते आणि त्यावर उपचार मिळतात. चाकण-भोसरीत लागणाऱ्या पुष्कळ मुलांना आपलं ईएसआयसी आहे हेच ठाऊक नसतं आणि ती खासगी दवाखान्यात पैसे मोजत राहतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे : भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. बेसिक अगदी लहान ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायची जुनी पद्धत तुमच्या लेटरमध्ये दिसली, तर विचारायला हरकत नाही.

लेटरमध्ये आणखी चार गोष्टी शोधा : प्रोबेशन (कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ) किती महिन्यांचं, नोटिस पीरियड (राजीनामा दिल्यावर काम करायचे दिवस) किती दिवसांचा, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आहे का आणि कामाचं ठिकाण नेमकं कुठलं. 'पुणे' म्हणजे खराडीही आणि तळेगावही. काही कळलं नाही तर एचआरला सरळ मेल टाका : "दरमहा हातात येणारी अंदाजे रक्कम किती आणि व्हेरिएबल कधी मिळतं, हे कृपया कळवाल का?" हा प्रश्न विचारला म्हणून ऑफर मागे घेतलेली मी पाहिलेली नाही. नोकरी लावून देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, मग ते 'डिपॉझिट' म्हणून असोत, ट्रेनिंगचे असोत की लॅपटॉपचे, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

२. कागद आणि नाव

दहावीच्या मार्कलिस्टवर आपलं आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर वडलांचं नाव मध्येच गळलेलं. गावी कोणाचं काही अडत नाही. इथे रुजू झाल्यावर पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, निघतो, त्याला आधार, पॅन आणि बँक खातं जोडावं लागतं, आणि नावात किंवा जन्मतारखेत एका अक्षराचा फरक असला तरी काम अडतं. रुजू होण्याआधीच आधार आणि पॅन समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंतर रजा काढून रांगेत उभं राहण्यापेक्षा गावी निवांत असतानाच दुरुस्ती करून घ्यावी.

मूळ सर्टिफिकेटं दाखवायची, ठेवून घ्यायला द्यायची नाहीत. माझ्या पहिल्या कंपनीनं डिप्लोम्याचं मूळ सर्टिफिकेट 'फाइलला लागतं' म्हणून घेतलं आणि मी पावतीसुद्धा मागितली नाही. सोडताना ते परत मिळायला पाच आठवडे लागले. दर वेळी 'साहेब बाहेर गेलेत', आणि तिकडे नवी कंपनी मूळ कागद बघायचाय म्हणून खोळंबलेली. अगदीच गळ्याशी आलं आणि द्यावंच लागलं, तर लेटरहेडवर तारीख-सहीची पोच घ्या. सही केलेला कोरा चेक मात्र कशाच्याही बदल्यात द्यायचा नाही.

३. राहायची जागा

माझी चूक ऐका. पुणे म्हणजे पेठा आणि कर्वे रोड असं डोक्यात बसलेलं, शिवाय मैत्रीण होती, म्हणून कर्वेनगरात कॉट, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेची जागा, घेतली. नोकरी भोसरीत. कर्वेनगर ते मनपा एक बस, मनपा ते भोसरी दुसरी. २००७ साली दोन शहरांच्या बससेवा एक होऊन पीएमपीएमएल झाली होती, पण आम्ही 'पीएमटी'च म्हणायचो आणि वाट तेवढीच बघायचो. येता-जाता रोजचे साडेतीन तास. सात महिन्यांनी पिंपरीत राहायला गेले तेव्हा संध्याकाळ नावाची गोष्ट मला पहिल्यांदा दिसली.

म्हणून जागा नोकरीच्या अंगाने शोधा. पहिला महिना कॉट बेसिसवर किंवा पीजीत काढा, डिपॉझिट कमीत कमी अडकेल असं बघा, आणि त्या महिन्यात सोमवारी सकाळी, ऑफिसच्याच वेळेला, नव्या जागेपासून कंपनीपर्यंत एकदा जाऊन बघा. रविवारी वाकडहून हिंजवडी फेज थ्री अगदी जवळ वाटतं, सोमवारी नऊ वाजता वाटत नाही. मेट्रोच्या नावांवरही जाऊ नका. स्वारगेट-पिंपरी मार्गावरच्या नाशिक फाट्याच्या स्टेशनचं नाव सुरुवातीला 'भोसरी' होतं. एमआयडीसी तिथून पुढे बरीच आत, बस किंवा शेअर रिक्षा धरावीच लागते. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट हे दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट) स्टेशनला भेटतात, तिथे गाडी बदलता येते. तळेगावकडे लोणावळा लोकल आहे. चाकणला मात्र कंपनीची बसच खरी; ती कुठल्या चौकातून जाते ते आधी विचारा आणि त्या चौकाच्या जवळ घर बघा.

फ्लॅट भाड्यानं घेतला तर लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो, बहुतेक ११ महिन्यांचा. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. 'नोटरी केलीये, चालतं' असं एजंट म्हणेल. नोंदणीचाच आग्रह धरा. गॅससाठी, बँकेसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कामाला येतो. करारात लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) किती, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का, हे वाचा. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, गीझर सगळ्यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. सोडताना तेच उपयोगी पडतात.

मेसबद्दल एकच : खाड्याचा नियम काय, हे पैसे भरण्याआधी विचारा. किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरतात, सलग किती दिवसांचा धरतात, हे प्रत्येक मावशींचं वेगळं असतं. आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, हे पहिल्या रविवारी उपाशी राहून कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

४. पहिला आठवडा

एक वही घ्या. मोबाइलमध्ये नोंदी ठेवू नका. साहेब बोलताना तुम्ही मोबाइल बघत असलात की ते इन्स्टाच वाटतं. वहीच्या पुढच्या बाजूनं कामाच्या नोंदी, मागच्या बाजूनं कळले नाहीत ते शब्द. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर पहिल्या आठवड्यात सव्वीस शब्द होते : जीआरएन, चलान, रिटर्नेबल गेटपास, डेबिट नोट. भाच्याच्या वहीत सध्या वेगळेच आहेत : स्प्रिंट, यूएटी, बेंच.

माणसांची नावं लिहून घ्या, आणि त्यात फक्त साहेब नकोत. स्टोअरकीपर, गेटवरचे सिक्युरिटीवाले, कँटीनचे दादा, आयटी सपोर्टवाला. माझी निम्मी कामं स्टोअरच्या काकांमुळे झाली, कारण कोणता माल कागदावर आहे आणि कोणता खरंच रॅकवर आहे, हे फक्त त्यांना माहीत होतं.

सुट्टीचा वार विचारून घ्या. भोसरी-चाकण पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, आयटीला शनिवार-रविवार. मी गुरुवारी मोकळी आणि खोलीतल्या तिघी रविवारी, त्यामुळे वर्षभर आम्ही चौघी एकत्र अशा कुठे गेलोच नाही. पहिल्या वर्षी वाटणाऱ्या एकटेपणातला मोठा वाटा अशा साध्या गोष्टींचा असतो. मी मग गुरुवार कपडे, बँक आणि आईला लांबलचक फोन यांच्या नावानं केला.

५. 'हो, समजलं' हे दोन शब्द

आता जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात महाग मला हे पडलं.

कामाला लागून चौथा महिना. साहेब घाईत म्हणाले, "त्या बुशचं लेटेस्ट ड्रॉइंग व्हेंडरला पाठव, ६०० नग, शुक्रवारी पाहिजेत." मी म्हणाले, "हो सर." लेटेस्ट कसं ओळखायचं हे मला माहीत नव्हतं. कपाट उघडलं. त्या बुशची, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या गोल नळीसारख्या भागाची, दोन ड्रॉइंगं होती. एक तेलाच्या बोटांनी माखलेलं, घडीवर फाटलेलं; दुसरं कोरं, पांढरं शुभ्र. मी विचार केला, नवं आहे ते स्वच्छ असणार. स्वच्छ होतं ते पाठवलं.

नवं होतं ते रोज मशिनवर जात होतं, म्हणून मळलेलं होतं. कोरी प्रत जुन्या रिव्हिजनची, म्हणजे आवृत्तीची, कधीच कोणी न वापरलेली. कोपऱ्यातल्या चौकटीत 'रेव्ह. बी' लिहिलेलं, मळक्यावर 'रेव्ह. सी'. सीमध्ये बाहेरचा व्यास २८ वरून २८.५ मिलिमीटर झाला होता. उलटं झालं असतं तर परत लेथवर लावून अर्धा मिलिमीटर उतरवता आला असता. इथे माल आधीच कमी झालेला. उतरवलेलं लोखंड परत चिकटत नाही. सगळा लॉट भंगारात.

पण खरी चूक पुढे आहे. बुधवारी संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी मी तेच कपाट उघडलं आणि ती चौकट मला दिसली. पोटात गोळा आला. तेव्हा व्हेंडरकडे फार तर दोनशे नग उतरले असतील. एक फोन केला असता तर चारशे वाचले असते. मी कपाट बंद केलं आणि घरी गेले. गुरुवारी सुट्टी. आमच्याकडे सुट्टी, त्या व्हेंडरच्या शेडमध्ये नव्हती. दिवसभर मी स्वतःला समजावत राहिले की कदाचित चालून जाईल. शुक्रवारी अकरा वाजता आलेल्या मालाच्या (इनवर्ड) तपासणीत मायक्रोमीटर लागला आणि व्हायचं ते झालं.

साहेब ओरडले, ते लवकर संपलं. टूल रूममधले काका, ज्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, चहाच्या वेळी म्हणाले, "ड्रॉइंग चुकलं हे ठीक, आमचंही चुकलंय. बुधवारी कळलं होतं ना तुला? मग?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना कसं कळलं, हेही मी कधी विचारलं नाही.

तेव्हापासून मी जे करते ते असं.

काम मिळाल्याबरोबर ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. "सर, म्हणजे बुश, रिव्हिजन सी, ६०० नग, शुक्रवारी दुपारपर्यंत गेटला. बरोबर?" यात अर्धं मिनिट जातं. ज्याचं उत्तर आपल्याला देता आलं नाही ती जागा लगेच उघडी पडते, आणि अजून काही बिघडलेलं नसल्यामुळे विचारण्यात लाजही नसते.

अडलं की आधी स्वतः अर्धा तास झटा : जुन्या फाइल, जुने मेल, वहीची मागची पानं. मग उठा आणि विचारा. माझा भाचा त्याच्या मशिनवर काहीतरी सेटअप होईना म्हणून तीन दिवस एकटा बसून होता, 'नवीन आहे, काय म्हणतील' म्हणून. शेजारच्या मुलीनं दहा मिनिटांत करून दिलं; तिलाही तेच अडलं होतं. विचारताना 'सर, जमत नाहीये' एवढंच म्हणू नका. 'हे करून बघितलं, हे झालं, इथे अडलंय' असं सांगा. समोरच्याला उत्तर देणं सोपं जातं आणि तुम्ही हातपाय हलवलेत हेही दिसतं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारावा लागत असेल तर वही नीट लिहिली जात नाहीये.

कोणाला विचारायचं हेही शिकावं लागतं. साहेबांना 'कधीपर्यंत' आणि 'आधी कोणतं' विचारा. 'कसं' हे शेजारच्याला, ऑपरेटरला, तुमच्या आधी वर्षभर लागलेल्या मुलाला.

आणि चूक कळली की त्याच तासाला सांगा. व्हॉट्सअॅपवर नको, फोन करा किंवा समोर जा. काय झालं, किती माल किंवा काम बिघडलं, मी आत्ता काय थांबवलं, पुढे काय करू, या क्रमानं. माफी एकदाच, सुरुवातीला. 'मला वाटलं', 'मला कोणी सांगितलं नाही' हे पहिल्या पाच वाक्यांत येऊ देऊ नका. बोलणी बसतील. पुढच्या वेळी तुम्ही 'सगळं ठीक आहे' म्हणालात तर मात्र ते खरं मानलं जाईल. माझ्या 'ठीक आहे'वर विश्वास बसायला त्यानंतर आठ महिने गेले.

६. हाक आणि भाषा

कारखान्यात साहेबांना सर-मॅडम, वयस्कर कामगारांना काका, बरोबरच्यांना दादा-ताई किंवा नावानं. आयटीत मॅनेजरलाही पहिल्या नावानं हाक मारतात. आमच्या भाच्याच्या तोंडून ती दोन आठवडे निघेना. तो वाक्यच असं फिरवायचा की नाव घ्यावं लागू नये. चार दिवस कान देऊन ऐका आणि बाकीचे म्हणतात तसं म्हणा. कँटीनच्या दादांना 'ए' म्हणणारा साहेब झाला तरी तुम्ही म्हणू नका.

मी 'काम करायलेय' म्हणाले की आमच्या खात्यातले दोघं हसायचे. वर्षभर मी तोंड दाबून पुस्तकी मराठी बोलले आणि त्या नादात निम्मं बोललेच नाही. हा तोटा त्या दोघांचा नव्हता, माझा होता. गावची भाषा सोडायची गरज नाही. आकडा, तारीख आणि नाव स्पष्ट उच्चारा, बाकी लोकांना सगळं कळतं. इंग्रजी मेलचंही तसंच. लांब वाक्यं सोडा. विषयात कामाचा नंबर, मग तीन ओळी : काय पाहिजे, कोणाकडून, कधीपर्यंत. मेलवर असलेल्या दहा माणसांना 'रिप्लाय ऑल' करण्याआधी एकदा श्वास घ्या.

७. पहिला पगार

पेढे आणा, आईला साडी घ्या, त्यात काटकसर करू नका. दुसऱ्या महिन्यापासून मात्र पगार आला त्याच दिवशी तीन वाटण्या करा : भाडं-मेस-प्रवास वेगळे, घरी पाठवायचे वेगळे, आणि एक ठरावीक रक्कम दुसऱ्याच खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड पाकिटात नसेल. तीन महिन्यांचा खर्च तिथे साठेपर्यंत बाकी कुठली गुंतवणूक काढू नका. ओळखीतले विमावाले काका तुमचा पगार सुरू झाल्याचं तुमच्याआधी ऐकतात. त्यांना चहा पाजा, सही सहा महिन्यांनी.

घरी किती पाठवायचे हे पहिल्याच महिन्यात आकड्यात बोला. ते अवघड जातं. आमच्याकडे वडलांनी कधी मागितलं नाही, मी कधी विचारलं नाही, आणि धाकट्या भावाच्या फीच्या वेळी दोघांनाही एकमेकांबद्दल वाईट वाटलं.

क्रेडिट कार्ड घेतलंत तर पूर्ण बिल भरा. 'मिनिमम ड्यू' भरलं की दंड टळतो, व्याज टळत नाही, आणि ते महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं.

पीएफचं पासबुक ऑनलाइन उघडून बघा. कंपनीच्या १,८०० पैकी खात्यात ५५० च दिसतील. घोटाळा नाही, उरलेले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात. ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, त्याच दिवशी भरून टाका. आयकराचं म्हणाल तर नव्या करप्रणालीत, २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. पगारदारांना ७५,००० ची प्रमाण वजावट धरून ही रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते. तरी रिटर्न भरा. पुढे कर्ज काढताना बँक तेच मागते.

८. जिथे नमतं घ्यायचं नाही

नवीन माणसानं चहा आणावा, झेरॉक्स काढाव्यात, हे मी फारसं मनावर घेतलं नाही. झेरॉक्स काढता काढता मी सगळ्या ड्रॉइंगचे नंबर पाठ केले. पण काही गोष्टी वेगळ्या असतात. न केलेल्या तपासणीच्या रिपोर्टवर सही करायला सांगितलं तर करू नका. भाग तुटला तर सही तुमची निघते. खोटा अनुभव दाखवून देणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका, पार्श्वभूमी तपासणीत खोटेपणा पकडला जातो आणि चालू नोकरीही जाते.

लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तारीख, वेळ, काय बोललं गेलं, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मुलींनो, रुजू झाल्यावर समितीची नावं कुठल्या भिंतीवर लावली आहेत ते बघून ठेवा. नसतील तर तेही नोंदवून ठेवा.

९. प्रोबेशन संपताना

सहा महिने झाले की कन्फर्मेशनचं, म्हणजे नोकरी कायम झाल्याचं, पत्र आपोआप येतं असं समजू नका. मेल करून विचारा. अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या आढाव्याच्या, वेळी गेल्या मार्चमध्ये काय केलं ते साहेबांना आठवत नसतं आणि तुम्हालाही नसतं. म्हणून दर महिनाअखेरी वहीत पाच ओळी लिहा, आकड्यांसकट. 'व्हेंडर फॉलोअप केला' याला कोणी विचारत नाही. 'ड्रॉइंगच्या कपाटातल्या जुन्या प्रती काढून सगळ्यांवर रिव्हिजनचा शिक्का मारला' हे मी लिहिलं होतं, आणि पहिली पगारवाढ मिळाली तेव्हा साहेबांनी तेच वाक्य मोठ्यानं वाचलं.

१०. सोडताना

पहिली नोकरी बहुतेक सगळे दोन-तीन वर्षांत सोडतात, त्यात बेइमानी काही नाही. नवं ऑफर लेटर मेलवर आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. फोनवरच्या 'फिक्स समजा'वर तर मुळीच नाही. आधी साहेबांना तोंडी सांगा, मग त्याच दिवशी मेल करा. नोटिस पीरियड मेलच्या तारखेपासून धरतात. हातातल्या कामांची यादी करून पुढच्या माणसाला द्या. अजून कोणाला माहीत नाही अशी एखादी अडचण असेल तीही त्यात लिहा.

बाहेर पडताना रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र), अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फुल अँड फायनलचा हिशोब मागून घ्या. कंपनीचा मेल बंद होण्याआधी आपल्या स्लिपा आपल्या मेलवर घ्या. बाकी कंपनीचं काहीही घेऊ नका. पीएफ काढू नका, यूएएन तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्स्फर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी मोजली जाणारी वर्षं तुटतात. महिन्या-दोन महिन्यांनी पोर्टलवर जुन्या कंपनीची 'डेट ऑफ एक्झिट' पडली आहे का ते बघा. ती नसेल तर ट्रान्स्फर तिथेच अडकून बसतो. शेवटची रक्कम भरल्याला दोन महिने झाले की ती तारीख आधारच्या ओटीपीवर तुमची तुम्हालाच टाकता येते, जुन्या ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.